पाण्यात म्हैस, बाहेर मोल

वडोदऱ्यात बसून वाइनविषयी लिहिणे म्हणजे मारवाडच्या वाळूत बसून होडीचे गुणदोष सांगण्यासारखे आहे, असे आमचे एक स्नेही म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. गुजरात राज्य १ मे १९६० रोजी जन्मास आले ते दारूबंदी पदरात घेऊनच, आणि परवान्यावाचून घरात बाटली ठेवणे हा येथे आजही गुन्हा आहे. मी स्वतः तर त्या वाटेला कधी गेलो नाही. दांडियाबाजारातल्या चहापलीकडे माझी मजल नाही. तेव्हा चव, वास, रंग यांविषयी मी काही सांगू लागलो तर वाचकांनी हे पान खुशाल उलटावे. मला लिहावयाचे आहे ते एका सौद्याविषयी. माल अजून तयार नाही, बाटलीत भरलेला नाही, गिऱ्हाइकाने तो पाहिलेला नाही की चाखलेला नाही. पैसे मात्र आज रोख मोजावयाचे, असा तो सौदा आहे. आपल्याकडे अशा व्यवहाराला फार जुनी म्हण आहे : पाण्यात म्हैस, बाहेर मोल.

ही हकीकत मजपर्यंत आली ती भाच्यामुळे. तो बरीच वर्षे लंडनला असतो. २०११ च्या उन्हाळ्यात एका रविवारी त्याचा फोन आला. मुलगी आठ महिन्यांची झाली होती. तिचे उष्टावण कसे झाले, खीर कोणी भरवली, हे सगळे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, हिच्या जन्मसालाची एक पेटी घेतली."

"कसली पेटी?"

"वाइनची. बोर्दोची तांबडी वाइन, बारा बाटल्या. ही एकवीस वर्षांची झाली म्हणजे उघडायची."

"अरे, घरात तान्हे मूल, आणि बाटल्या कुठे ठेवल्यास?"

"घरात नाहीत, मामा. ती वाइन अजून बाटलीत भरलेलीच नाही. फ्रान्सात पिंपात आहे. दोन वर्षांनी येईल."

"आणि पैसे?"

"ते दिले."

मी आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासले. 'पैसे आधी, माल मागून' हे शब्द कानी पडले की हातातील तांबडी पेन्सिल आपोआप वर येते. मी त्याला तेथल्या तेथे सांगून टाकले, "बाळ, बुडाले समज." तो हसला. पुढे त्याची ही पेटी बुडाली नाही, आणि माझा शब्दही सर्वस्वी फुकट गेला नाही. ते कसे, हे ओघाने येईलच. पण त्या दिवसापासून मी या सौद्याचा पिच्छा पुरवला. भाच्याने पाठवलेली टिपणे वाचली, हिशेब मांडले, आणि आता माझे एक मत बनले आहे. ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी सौदा काय आहे ते पाहू. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस गारोन नदीच्या काठी बोर्दो हे शहर आहे. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या पुढे एकत्र येतात आणि जिरोंदची रुंद खाडी होऊन अटलांटिक महासागराला मिळतात. या पाण्याच्या डाव्या तीरावर मेदॉकची गोट्यागोट्यांची जमीन आहे. तेथे काबर्ने सोव्हिन्यों जातीचे द्राक्ष चांगले पिकते. उजव्या तीराकडे सांतेमिल्यों आणि पोमरोल ही गावे. तेथे मेर्लो जातीचे राज्य. द्राक्षांची बाग आणि तिच्यातले घर मिळून जी मिळकत होते तिला 'शातो' म्हणतात. शब्दाचा अर्थ गढी किंवा किल्ला. परंतु पुष्कळ शातो आपल्याकडील एखाद्या इनामदाराच्या वाड्याहून मोठे नसतात.

तोडणी होते सप्टेंबर-ऑक्टोबरात. रस आंबतो, त्याची वाइन होते, आणि मग हिवाळ्यात निरनिराळ्या जातींच्या व निरनिराळ्या वाफ्यांच्या वाइनचे मिश्रण ठरते. ती ओकच्या लाकडी पिंपात मुरत पडते. बोर्दोचे पिंप २२५ लिटरचे. त्यातून ३०० बाटल्या निघतात. लाकडातून वाइन थोडी थोडी उडून जाते, तेवढी वरून भरावी लागते. गाळ खाली बसतो तसतशी ती एका पिंपातून दुसऱ्या पिंपात काढतात. कोठे कोठे अंड्यातील पांढरे घालून ती निवळण्याची चाल अजून आहे. हे सगळे होऊन बाटलीत भरीपर्यंत तोडणीपासून दीड-दोन वर्षे जातात. लोणचे मुरल्यावाचून सुगरण बरणीचे फडके सोडत नाही, तशातलाच हा प्रकार.

सौदा मात्र मुरण्याची वाट पाहत नाही. तोडणीनंतर जेमतेम सहा महिन्यांनी, वसंत ऋतूत, जगभरचे व्यापारी आणि समीक्षक बोर्दोस जमतात. पिंपातून काढलेले नमुने तोंडात घोळवतात, थुंकतात, आणि शंभरांपैकी गुण देतात. मग एप्रिल ते जूनच्या दरम्यान एकेक शातो आपला भाव जाहीर करतो. माल थेट गिऱ्हाइकाकडे जात नाही. मध्ये दलाल असतो. त्याची दलाली परंपरेने दोन टक्के. दलालाच्या पलीकडे बोर्दोचा घाऊक व्यापारी, ज्याला 'नेगोसियां' म्हणतात. त्याच्याकडून लंडन, न्यूयॉर्क किंवा हाँगकाँगचा व्यापारी घेतो, आणि सर्वांत शेवटी माझ्या भाच्यासारखा गृहस्थ. या पद्धतीचे फ्रेंच नाव 'आं प्रिमर'. 'प्रिमर' म्हणजे हंगामाच्या आरंभी येणारा भाजीपाला वा फळ. आपल्या भाषेत त्यासाठी 'नव्हाळी' हा सुरेख शब्द आहे. मी या व्यवहाराला नव्हाळीचा सौदा म्हणेन.

कोणीतरी धूर्त माणसाने गिऱ्हाइकांना फसवण्यासाठी ही युक्ती काढली, असा माझा प्रथम समज होता. तो चुकीचा निघाला. या सौद्याचे मूळ जुने आणि प्रामाणिक आहे. बोर्दोचा प्रदेश बाराव्या शतकापासून १४५३ पर्यंत इंग्लंडच्या राजांकडे होता. तेव्हापासून तेथील वाइन जहाजाने लंडनला जात आली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत बागाईतदार वाइन करी आणि ती कोवळी असतानाच पिंपासकट व्यापाऱ्याला विकून मोकळा होई. कधी कधी तर द्राक्षे वेलीवर असतानाच सौदा होई. बोर्दोच्या शार्त्रों भागात नदीकाठी व्यापाऱ्यांची लांबच लांब तळघरे होती. तेथे व्यापारी वाइन मुरवी, सांभाळी आणि परदेशी धाडी. शेतकऱ्यापाशी तळघर नव्हते, भांडवल नव्हते, दोन वर्षे थांबण्याची ऐपत नव्हती. व्यापाऱ्यापाशी ते सर्व होते. व्यापारी थांबण्याचा आणि नुकसानीचा भार घेई, आणि त्या भाराबद्दल त्याला माल स्वस्तात मिळे. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या काळात शातोंची जी प्रसिद्ध प्रतवारी झाली, ती याच दलालांनी लावली, आणि लावली ती मुख्यतः बाजारात मिळणाऱ्या भावावरून. पहिल्या प्रतीत तांबड्या वाइनचे चार शातो आले : लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. यातल्या लातूरचा मराठवाड्यातील लातूरशी संबंध नाही, हे सांगून ठेवतो. मी स्वतः पहिल्यांदा वाचले तेव्हा क्षणभर चमकलो होतो. पुढे १९७३ साली या चारांत पाचव्याची भर पडली. पावणेदोनशे वर्षांत वरच्या प्रतीत झालेला बदल एवढाच.

विसाव्या शतकात एक गोष्ट पालटली. १९२४ साली बारों फिलिप द रॉथशिल्ड यांनी आपली सर्व वाइन आपल्याच शातोत बाटलीबंद करावयास आरंभ केला, आणि हळूहळू मोठ्या बागांची तीच रीत झाली. म्हणजे मुरवण्याचे काम व्यापाऱ्याच्या तळघरातून बागाईतदाराच्या तळघरात आले. परंतु पैसे आधी देण्याची चाल तशीच राहिली. इतकेच नव्हे, ती व्यापाऱ्यावरून खाली उतरत उतरत शेवटी साध्या गिऱ्हाइकापर्यंत येऊन पोहोचली.

येथे मला माझ्या आजोबांची आठवण होते. माझ्या आईचे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात महसूलखात्यात नोकरीला होते. त्या बाजूला आंब्याच्या बागा. मोहोर पाहून बाग घेणारे व्यापारी माघ-फाल्गुनात खेड्यापाड्यांतून हिंडत. झाडावर कैरीसुद्धा नाही, नुसता मोहोर. तो पाहून व्यापारी आकडा सांगे आणि इसार देऊन बाग आपल्या नावावर करी. नाना म्हणत, "मोहोरावर घेतलेल्या बागेच्या भावात वादळाचा वाटा असतो." म्हणजे काय, हे त्यांनी आम्हा मुलांना समजावून दिले होते. चैत्रात वारा सुटला आणि कैऱ्या झडल्या तर नुकसान व्यापाऱ्याचे. म्हणून पिकलेल्या आंब्याचा जो भाव, त्याहून मोहोराचा भाव पुष्कळ कमी. बागवाला तेवढे मुकाट्याने सोडतो, कारण त्याला आज पैसे मिळतात आणि रात्री झोप लागते.

नाना पुढे एक गोष्ट सांगत. एका वर्षी खरोखरच वादळ झाले आणि झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडला. व्यापारी बागवाल्याच्या ओसरीवर येऊन नुसता बसून राहिला. काही मागितले नाही. कराराप्रमाणे मागण्याचा त्याला हक्कच नव्हता. बागवाल्याने घरात जाऊन घेतलेल्या रकमेतला चौथा हिस्सा आणला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. नानांनी त्याला नंतर विचारले, "अरे, कायद्याने एक पैसाही द्यायचा नव्हता, का दिलास?" तो म्हणाला, "साहेब, पुढच्या वर्षी पुन्हा मोहोर येणार आहे."

माझ्या मते या विषयातील सारे शास्त्र त्या एका वाक्यात आहे. न पाहिलेल्या मालाचा सौदा अनीतीचा नाही. त्याच्या भावात वादळाचा वाटा असला म्हणजे तो सरळ असतो. तो वाटा विकणाऱ्याने हळूच काढून घेतला म्हणजे सौदा वाकडा होतो. बोर्दोत काय घडले ते या कसोटीला लावून पाहावे.

१९७२ चे पीक सामान्य होते. पण आधीच्या वर्षांतील चढत्या बाजाराची धुंदी सर्वांच्या डोळ्यांवर होती, आणि भाव मात्र उत्तम मालाचे मागितले गेले. १९७३ च्या अखेरीस तेलाचे संकट आले, बाजार कोसळला, आणि कित्येक व्यापारी न खपणाऱ्या पिंपांखाली चिरडून गेले. त्यानंतर दहा वर्षांनी चित्र उलटे झाले. १९८२ चे पीक पिंपात असतानाच रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने ते मुक्तकंठाने वाखाणले. ज्यांनी १९८३ मध्ये विश्वासाने पैसे दिले, त्यांना पुढे त्याचे कित्येक पट झाले. त्यांनी काही लबाडी केली नव्हती. वादळाचा वाटा त्यांनी घेतला होता, आणि वादळ आले नाही. परंतु त्या एका वर्षाने सर्वांच्या मनात एक नवी भाषा शिरली. जो तो म्हणू लागला की नव्हाळीची वाइन घेणे म्हणजे सोने घेणे.

मग सोनाराच्या पेढीवर जे होते तेच झाले. शातोवाल्यांनी पाहिले की आपण शंभराला दिलेला माल मधले लोक तीनशेला विकतात. तेव्हा आपणच तीनशे का मागू नये? २०१० मध्ये लाफीतने आपल्या २००८ च्या बाटलीवर चिनी लिपीतील आठाचा आकडा कोरावयाचे जाहीर केले. चीनमध्ये आठ हा आकडा शुभ मानतात. बाटलीतील वाइन तीच होती. पण तेवढ्याने भाव उसळला. २००९ आणि २०१० ही पिके खरोखर उत्तम होती, यात दुमत नाही. परंतु ती २०१० आणि २०११ मध्ये विकावयास निघाली ती पूर्वी कधी न ऐकलेल्या भावांना. २०११ च्या मध्यापासून चीनकडील मागणी ओसरली आणि बाजार कित्येक वर्षे उतरत राहिला.

माझा भाचा नेमका याच वेळी या बाजारात शिरला. मुलीच्या जन्मसालाची जी पेटी त्याने घेतली, ती एका लहानशा, फारसे नाव नसलेल्या शातोची होती; भाव माफक होता. पण तेवढ्यावर थांबला असता तर तो माझा भाचा कसला? त्याच आठवड्यात त्याने एका बड्या नावाच्या शातोची आणखी एक पेटी घेतली, आणि तिच्यासाठी दोन महिन्यांचा पगार मोजला. ही पिण्यासाठी नव्हती. "मामा, पाच वर्षांनी दुपटीने विकीन," असे त्याने मला दोन वर्षांनंतर, म्हणजे भाव पडल्यावर, सांगितले. पाच वर्षांनी विकावयास गेला तेव्हा घेतलेल्या किमतीचे दोन तृतीयांशही आले नाहीत. त्याच्या कचेरीतील एका गृहस्थांची गत याहून वाईट झाली. त्यांनी ज्या व्यापाऱ्याकडे पैसे भरले होते, त्याने ते बोर्दोस पोहोचवलेच नाहीत. मधल्या मध्ये त्याचे दिवाळे वाजले. घेणेकऱ्यांच्या लांब यादीत शेवटचे नाव या गृहस्थांचे, आणि हाती एक छापील पावती. अशी दिवाळी लंडनच्या वाइनबाजारात एकापेक्षा अधिक वेळा वाजली आहेत.

आता माझी तांबडी पेन्सिल काढतो. समजा, आज शंभर रुपये दिले. माल यावयास दोन वर्षे. पाच टक्क्यांनी धरले तरी त्या शंभरांचे एकशेदहा होतात. माल आल्यावर तो पिण्याजोगा होईपर्यंत आणखी आठ-दहा वर्षे गोदामात ठेवावयाचा. त्याचे भाडे आणि विमा वेगळा. त्याशिवाय जो नमुना पाहून गुण दिले, तो सहा महिन्यांच्या वाइनचा. त्या नमुन्यात आणि दीड वर्षाने बाटलीत भरल्या जाणाऱ्या वाइनमध्ये फरक पडू शकतो. त्याशिवाय मधला व्यापारी बुडण्याची धास्ती. हे सगळे गिऱ्हाइकाने सोसावयाचे असेल तर भाव किती असावा? माझ्या हिशेबाने, तीच बाटली दोन-तीन वर्षांनी दुकानाच्या फळीवर ज्या किमतीला मिळेल, त्याहून निदान पाचवा हिस्सा तरी कमी. आणि प्रत्यक्षात काय दिसते? २०१० नंतरच्या कित्येक पिकांच्या बाबतीत तीच बाटली पुढे दुकानात तेवढ्याच किंवा त्याहून कमी किमतीला मिळाली. म्हणजे गिऱ्हाइकाने आपले पैसे शातोला बिनव्याजी वापरावयास दिले, आणि वर नुकसानीची हमीही घेतली!

आमच्या बडोद्याच्या जुन्या घराण्यांना हा प्रकार ओळखीचा वाटावा. संस्थानात एके काळी इजाऱ्याची पद्धत होती. महालाचा वसूल हाती येण्यापूर्वीच इजारदार सरकारात रक्कम भरी आणि पुढे ती रयतेकडून काढी. सरकारला पैसे आज हवे असत. उद्याच्या दुष्काळाची काळजी त्याने दुसऱ्यावर टाकलेली असे, आणि तो दुसरा ती तिसऱ्यावर ढकली. शेवटी वादळाचा सगळा वाटा ज्याच्या अंगावर येई, तो कुणबी त्या सौद्याच्या बोलणीस कधी बसलेलाच नसे. सर टी. माधवराव १८७५ मध्ये दिवाण म्हणून आले आणि त्यांनी राज्याची नवी घडी बसवली. तीत ही पद्धत मोडली, याबद्दल आपण आजही त्यांचे नाव आदराने घेतो. वाइन घेणारा लंडनचा गृहस्थ आणि आपला कुणबी यांची तुलना मी करीत नाही. एकाचे जाते ते हौसेचे, दुसऱ्याचे जाई ते पोटाचे. परंतु सौद्याची मोडणी तीच आहे. वरच्याने पैसे आधी घ्यावयाचे आणि नुकसान पायरी पायरीने खाली सोडावयाचे.

यावर शातोवाले म्हणतील, आणि म्हणतातही, की आम्ही कोणावर जबरदस्ती करीत नाही; ज्याला महाग वाटते त्याने घेऊ नये. हे उत्तर बिनतोड दिसते, पण पुरते खरे नाही. तेथील घाऊक व्यापाऱ्यांत अशी समजूत रूढ आहे की या वर्षीचा वाटा नाकारला तर पुढच्या चांगल्या वर्षी आपल्या वाट्यास कमी येईल. म्हणून नको असलेला मालही ते घेतात, आणि मग तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालण्यासाठी 'शतकातील उत्कृष्ट पीक' अशी जाहिरात होते. शतकातील उत्कृष्ट पीक दर चार-पाच वर्षांनी येऊ लागले म्हणजे ते शतकाचे राहत नाही, हे कोणाही शाळकरी मुलास कळेल.

दुसरे उत्तर लातूरने दिले, आणि ते मला अधिक प्रामाणिक वाटते. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केले की २०११ च्या पिकानंतर आम्ही नव्हाळीचा सौदा बंद करीत आहोत. वाइन आपल्याच तळघरात ठेवू आणि ती पिण्याजोगी झाली म्हणजे विकू. यात नफ्याची दृष्टी आहेच; मधली वाढ दुसऱ्याच्या खिशात का जावी, असा तो हिशेब. पण थांबण्याचा भारही त्यांनी आपल्याकडे घेतला. ज्याला पूर्ण भाव हवा त्याने पूर्ण वाट पाहावी, हे न्यायाला धरून आहे. मला राग आहे तो पूर्ण भाव आजच मागणाऱ्याचा, जो वाट मात्र दुसऱ्याला पाहावयास लावतो.

आणि बाजाराने आपला निकाल दिलेला आहे. २०२० च्या वसंतात महामारीमुळे बोर्दोस कोणी जाऊ शकले नाही. नमुनेच जगभर पाठवावे लागले, तेव्हा २०१९ च्या पिकाचे भाव उतरवले आणि गिऱ्हाईक परत आले. शहाणपण येथे टिकावयास हवे होते. पण २०२२ च्या पिकाला भाव पुन्हा चढवले, आणि २०२४ मध्ये, २०२३ चे पीक विकताना, कित्येक मोठ्या शातोंना ते एकचतुर्थांशाहून अधिक खाली आणावे लागले. तरीही घेणारे पूर्वीसारखे धावले नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा मोहोर येणार आहे, हे ज्याने लक्षात ठेवले नाही, त्याच्या ओसरीवर व्यापारी येऊन बसेनासा होतो.

मग हा सौदा मोडीतच काढावा काय? माझे मत तसे नाही, आणि याचे कारण भाच्याची ती पहिली पेटी आहे.

बोर्दोत बड्या नावांपलीकडे हजारो बागाईतदार आहेत. वसंतातील एका रात्रीच्या हिमाने कोंब जळतात, जसे १९९१ आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये जळले; गारा पडल्या तर दहा मिनिटांत वर्ष जाते. अशा लहान माणसाला आधी मिळालेला पैसा हा खरोखर आधार असतो, आणि भावातला वाटा तो आनंदाने सोडतो. घेणाऱ्यालाही एक गोष्ट अशी मिळते जी दुकानात मिळत नाही. वाइन अजून बाटलीत भरलेली नसल्यामुळे कोणत्या आकाराच्या बाटलीत हवी ते सांगता येते. मोठ्या बाटलीत ती अधिक सावकाश मुरते. आणि हव्या त्या सालाची, एकाच तळघरातून थेट आलेली, हातोहाती न फिरलेली पेटी मिळते. ज्याला ती प्यावयाची आहे, कोणासाठी तरी राखून ठेवावयाची आहे, त्याने ती जरूर घ्यावी. भाव वीस टक्के पडला तरी ज्याला रात्री झोप लागेल, त्याचाच हा सौदा. घेताना जुन्या, पतीच्या व्यापाऱ्याकडून घ्यावी, आणि गोदामाच्या वहीत पेटी आपल्या स्वतःच्या नावावर चढली आहे याचा कागद हाती येईपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नये. जो दुप्पट करण्यासाठी घेतो, त्याने मात्र तो सट्टा आहे असे स्वतःशी कबूल करावे आणि उगाच द्राक्षांचे नाव घेऊ नये.

ती पहिली पेटी ठरल्याप्रमाणे २०१३ मध्ये आली. इंग्लंडातील एका जकातीच्या गोदामात ती आडवी पडून आहे. बाहेर काढाल तेव्हा जकात भरावयाची. तिची किंमत फारशी वाढलेली नाही, फारशी उतरलेलीही नाही. मागे भाचा कुटुंबासह येथे आला होता. त्याची मुलगी आता माझ्या खांद्याच्या वर गेली आहे. ती मला मामाआजोबा म्हणते आणि मराठी थोडे अडखळत पण गोड बोलते. तिने विचारले, "मामाआजोबा, बाबांनी माझी पेटी घेतली तेव्हा तुम्ही म्हणालात ना, की पैसे बुडाले?" मी म्हटले, "म्हणालो होतो." तिने बापाच्या कागदांतून ती २०११ ची पावती काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मग तपासा."

मी चष्मा लावून ती वाचली. तारीख, रक्कम, बाटल्यांची संख्या, साल, आणि गोदामाच्या वहीतील तिच्या बापाचे नाव. ऑक्टोबर २०३१ ला अजून अवकाश आहे. ती उघडतील तेव्हा मी तिकडे असणार नाही, आणि असलो तरी पिणार नाही. पण विकणाऱ्याने आपला शब्द पाळला होता, आणि भावात वादळाचा वाटाही ठेवलेला दिसत होता. मी खिशातली तांबडी पेन्सिल काढली आणि पावतीच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली.